नाक्यावरचे कागद

काळूराम तरे जाऊन दोन वर्षं झाली, तरी टेमघरच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यात जास्त जागा त्यांनीच अडवली होती. अकरा पोती. काही साखरेची, काही खताची, दोन जुन्या गोणपाटाची. तोंडं सुतळीनं शिवलेली आणि आत नुसते कागद. चार पोती माळ्यावर, तीन पलंगाखाली, चार शिलाई मशीनच्या मागं भिंतीला टेकून. त्या भिंतीला वीस वर्षांत रंग लागला नव्हता, कारण पोती हलवायची कुणी आणि ठेवायची कुठं, यावर घरात कधी एकमत झालं नाही.

मे महिना अर्धा सरला होता. चाळ पाडून तिथं मोठी इमारत व्हायची होती. महिनाअखेरीला खोल्या मोकळ्या करून द्यायच्या, असं सगळ्या भाडेकरूंनी लिहून दिलं होतं. विवेकनं अंजूरफाट्याकडं चौथ्या मजल्यावर एक खोली पाहिली होती. लिफ्ट नव्हती.

"आई, भांडी येतील, कपाट येईल, तुझी मशीन येईल," तो म्हणाला. "पण ही पोती नाही येणार. मी ती कुठं ठेवू, तूच सांग."

त्याचं बोलणं काही चुकीचं नव्हतं. तो कशेळीला एका गोदामात सुपरवायझर होता, सून दीपिका त्याच बाजूला पॅकिंगला जायची. दोघांच्या शिफ्ट उलट्यासुलट्या. घरी आलं की पाय पसरायला जागा लागायची आणि पाय पसरले की पोत्याला लागायचे.

देवकी भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मशीनमागची देऊन टाक," ती म्हणाली. "तीच नडतात."

भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्यानं तीन पोती चढवली आणि चौथ्याला जागा उरली नाही म्हणून ते राहिलं. देवकी दारात उभी राहून बघत होती. तिला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. भिंत दिसली. भिंतीवर पोत्यांच्या पाठीचे काळे डाग होते, त्यावरून तिनं ओलं फडकं फिरवलं.

काळूराम नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. गाडी थांबली की माल बघायचा, पावती फाडायची आणि गाडी सोडायची, एवढंच काम. पण ते पावती फाडता फाडता गाडीवाल्याला विचारायचे, "गाव कंचं तुमचं?" हा प्रश्न काही नोकरीचा नव्हता. गवताच्या गाड्या यायच्या, मिठाच्या यायच्या, कोळशाच्या, भाताच्या, सुताच्या. प्रत्येकाला गाव असायचं. गावात तलाव कुणी खणला, देव कुठला, पूर कधी आला, पहिला लूम कुणी बसवला, असं एकेक निघत जायचं. पाठीमागचे गाडीवाले ओरडायचे, तेव्हा काळूराम गाडी सोडायचे आणि ऐकलेलं बिघडलेल्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून ठेवायचे. रविवारी सायकल काढून त्या गावी जायचे, तलाव बघायला. जकात बंद झाली, नाक्याची टपरी गेली, तरी ते जातच राहिले.

देवकी डबा घेऊन नाक्यावर जायची तेव्हा तिला तो रस्ता फार आवडायचा. नवीन लग्न झालेलं. दोन्ही बाजूंनी लूमची खटखट, मध्ये बैलांच्या गळ्यातली घुंगरं, आणि गवताचा वास असा की भूक लागावी. टपरीत एकच स्टूल होतं, ते तिला देऊन काळूराम उभ्यानं जेवायचे. जेवता जेवता समोरच्या माणसाला विचारायचे, "मंग त्या पुलाच्या आधी कसं जायचे तुम्ही?"

पुढं विवेक झाला. सहा महिन्यांचा असताना त्याला एका रविवारी ताप भरला, डोळे फिरवायला लागला. देवकीनं त्याला कुशीत घेऊन दवाखान्यापर्यंत एकटीनं पळत नेलं. काळूराम संध्याकाळी आले. कुठल्याशा गावी तलावाच्या पायऱ्या मोजत होते. त्यांनी पोराच्या कपाळाला हात लावला, मान खाली घातली. पण पुढच्या रविवारी पुन्हा सायकल काढली. देवकीनं त्या दिवशी जे तोंड मिटलं, ते कागदांच्या बाबतीत पुढं कधी उघडलं नाही. एकेका गावाच्या पावत्यांचं पुस्तं बांधून द्यायची, दोरा द्यायची, उन्हात घालायची. पण त्यात काय आहे ते तिनं विचारलं नाही, वाचलंही नाही. चौथीपर्यंत शिकली होती, अक्षर लागायचं.

भंगारवाल्याला पाच दिवस झाले आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात पानांनी झाकलेली टोपली, मागं एक उंच मुलगी, तिच्या काखेत प्लास्टिकची फाइल.

"काकू, वळखलं का? उंबरपाड्याचा बाबू. चिंतू सवराचा नातू."

देवकीनं ओळखलं. चिंतू म्हणजे गवताच्या गाडीबरोबर यायचा तो वारली म्हातारा. काळूराम त्याच्याकडं पाड्यावर वर्षातून दोनदा तरी जायचे. बाबू तेव्हा आजोबाच्या मागं मागं यायचा. आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

टोपलीत करवंदं होती. देवकीनं ती ताटात ओतून घेतली, दोघांना पाणी दिलं. बाबू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग मुलीकडं बघून म्हणाला, "ही माजी रोशनी. बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागंल म्हनतात. पन व्हॅलिडिटी पायजे."

"म्हंजे?"

"जातीच्या पडताळणीचा कागद," रोशनी म्हणाली. "आजी, आमच्याकडे जातीचा दाखला आहे. पण आम्ही वारलीच आहोत हे जुन्या कागदावरनं दाखवावं लागतं. पन्नास सालाच्या आधीचा असेल तर चांगलं, म्हणतात. बाबा शाळेत गेले, पण ते नव्वदमध्ये. आजोबा गेलेच नाहीत. जमीन आमच्या नावावर कधी नव्हती. मग कागद कुठून आणायचा?"

"अर्ज द्यायची तारीख हाय जूनच्या दहाची," बाबू म्हणाला. "माजी आय बोलली, काळूदादांनी आपल्या पाड्याचं समदं लिवलंय. आजा सांगत बसायचा, दादा लिवत बसायचे. तवा म्हनलं, बघावं."

देवकीनं हातातलं ताट खाली ठेवलं. उरलेली आठ पोती तिथंच होती. ती म्हणाली, "बघू. हुडकू."

विवेक ड्युटीवर होता. तिनं बाबूच्या मदतीनं पोती ओट्यावर काढली आणि एकेक उसवायला घेतलं. दोन दिवस हेच चाललं. रोशनी मांडी घालून पुस्ती सोडायची, वरच्या पावतीवरचं गाव वाचायची, नाही म्हणून बाजूला ठेवायची. धुळीनं तिघांच्या नाकाला रुमाल. कागदात झुरळांची अंडी, एका पोत्यात उंदरानं केलेलं घर. ऊन असं की दुपारी ओटा पायाला चटके द्यायचा, मग पोतं फरफटत सावलीला घ्यायचं. देवकीच्या बोटांना कागदाच्या कडांनी चिरा पडल्या, त्यात घाम जाऊन झोंबायला लागलं.

पण ती वाचत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "तलाव, पायऱ्या बावीस, पैकी तीन पाण्यात." "पुरात वाहून आलेली गाय या गावाने ठेवली, धन्याला परत केली, धनी मुसलमान, त्याने देवळाला घंटा दिली." "पहिला हातमाग येथे, नंतर वीज, नंतर झोप नाही." तिला मध्येच हसू यायचं. हा माणूस घरी असा कधी बोलला नव्हता.

कशेळीचं पुस्तं चौथ्या पोत्यात निघालं. कशेळी तिचं माहेर. तिनं ते रोशनीच्या हातातून घेतलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. तिच्या बापाचं नाव होतं, हिराजी म्हात्रे, पुलाआधी खाडीतली तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवणारा. होडीची लांबी होती. भरतीच्या वेळा होत्या. भाऊ अनंता यानं सांगितलेली खाजणातल्या खाऱ्या जमिनीवरच्या भाताची हकिगत होती. मिठागरांवर चार पावत्या होत्या, सांगणारा शेजारचा एक म्हातारा. देवकी लग्नाआधी सात वर्षं त्याच मिठागरात राबली होती. पाय फाटेपर्यंत. तिचं नाव कुठंच नव्हतं. तिनं पुस्तं दोनदा पालथं घातलं. मग तिला वाटलं, त्या तीन पोत्यांत असेल. मी दिली त्यांत.

उंबरपाडाही आठांत नव्हता. शेवटच्या पोत्याचा तळ झाडला तेव्हा बाबू उठला. त्यानं हात धुतले.

"तीन पोती मी भंगारात घातली," देवकी म्हणाली. "पाच रोज झाले. सात झाले आता."

बाबूनं तिच्याकडं बघितलं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मंग तितं बघू," तो म्हणाला.

भंगाराचं गोदाम नदीपलीकडच्या गल्लीत होतं. पत्र्याचं, उंच, आत पुठ्ठ्याचे डोंगर. मालक शौकतभाई खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता. देवकी लुगड्याचा पदर सावरून त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं फोन संपवला, दुसरा केला, तोही संपवला.

"भाई, तीन बोरी कागज," देवकी म्हणाली. "टेमघरसे आया था. वापस चाहिये."

"अम्मा, रोज की दो सौ बोरी आती है. किसको पहचानूं?" तो म्हणाला. मग त्याला संशय आला. "क्या है उसमें? ज़मीन के काग़ज़?"

आजूबाजूची माणसं काम थांबवून बघायला लागली. जमिनीचे कागद म्हटल्यावर कुणीही थांबेल.

"जमीन न्हाय," देवकी म्हणाली. "नाम है लोगों के."

कुणीतरी हसलं. शौकतभाई हसला नाही. त्यानं हातानंच मागच्या बाजूला दाखवलं. "वो काग़ज़वाला माल उधर है. परसों गाड़ी जायेगी मिल में. तब तक जो मिले, आपका. लेकिन मेरा आदमी नहीं दूंगा."

दीड दिवस तिघं त्या पत्र्याखाली होती. वह्या, लग्नपत्रिका, औषधांची खोकी, शाळेच्या उत्तरपत्रिका. हात घालायचा, ओढायचं, बघायचं, टाकायचं. वारा नाही. देवकीच्या गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकायचं सोडलं, मग ती ढिगावरच बसून बसल्या बसल्या सरकत काम करायला लागली. एक कामगार पाण्याची बाटली ठेवून गेला. येणारी जाणारी पोरं म्हणायची, "अम्मा, खज़ाना मिला क्या?" ती पुढची वही ओढायची.

पहिलं पोतं बाबूला सापडलं, सुतळीच्या टाक्यावरून. देवकीचाच टाका होता तो, मशीनवाल्या बाईचा, सरळ. दुसरं अर्धं फुटलेलं, पण माल शेजारीच पडलेला. तिसरं सापडलं नाही. ते आधीच्या गाडीनं गेलं होतं, लगदा व्हायला. त्यात काय होतं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

उंबरपाडा फुटलेल्या पोत्यात होता. अकरा पावत्यांचं पुस्तं, एका बाजूनं भिजून वाळलेलं. देवकीनं गोदामाच्या दारात उजेडाला धरून वाचलं, आणि रोशनी तिच्या खांद्यावरून.

"उंबरपाडा. घरे एकोणीस, सर्व वारली. पाणी झऱ्याचे, वैशाखात आटते. नागली, वरी, खाली थोडे झिणी भात. सांगणार चिंतू लखमा सवर, गवताच्या गाडीसोबत. म्हणतो, स्वराज्य आले त्याच्या पुढच्या साली देवखोलचा मास्तर पाड्यावर येई. जांभळाखाली वर्ग. सात पोरे. मास्तराने नावे देवखोलच्या शाळेत नेऊन चढवली. चार महिन्यांनी मास्तराची बदली. वर्ग बंद. चिंतूस 'ग'पर्यंत येते."

"आजा शाळेत गेलेला?" बाबू म्हणाला. तो खाली बसला. "आमाला कंदी बोलला न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती तिघं पडताळणीच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं पावती उलटीसुलटी केली आणि पुढची बाजू वाचली. "गवत, एक गाडी," तो म्हणाला. मग देवकीकडं बघून, "आजी, हे तुमच्या घरचं लिखाण. याला किंमत नाही. शाळेचा उतारा आणा."

"तेच लिवलंय त्यात. देवखोलच्या शालंत हाय म्हून."

"मग तिथून आणा," तो म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. देवकीनं पावती घडी न घालता पदराआड धरली. चाळीस वर्षं जो कागद तिला नकोसा होता, त्याला किंमत नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला आपला कान तापल्यासारखा वाटला.

देवखोल उंबरपाड्याखालचं मोठं गाव. शाळेला सुट्टी. बाबूनं चार जणांना विचारून मुख्याध्यापिकेचा नंबर मिळवला. रीमा मॅडम पडघ्याला राहायच्या, घरात भाचीचं लग्न झालेलं, तरी सकाळी स्कूटीवरून आल्या. हातावर मेंदी होती. त्यांनी कुलूप काढलं, कपाटातली जुनी रजिस्टरं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "पानं मीच उलटीन. हात लावू नका, तुकडे पडतात."

अठ्ठेचाळीस सालाची पानं तपकिरी झाली होती. मॅडम बोट खाली खाली नेत होत्या. देवखोलची पोरं, देवखोलची पोरं. मग सात नावं सलग, गाव उंबरपाडा. बाबू टेबलावर वाकला. मॅडमनी सातही पोरांची नुसती पहिली नावं वाचली. त्यात चिंतू नव्हता.

त्यांनी पुन्हा वाचली. मागचं पान, पुढचं पान. "नाही हो," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी तुमच्यातलं असेल तर बघा."

"बाकीची लोकं आमच्या घरची न्हाईत," बाबू म्हणाला. रोशनीनं फाइल छातीशी धरली होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

देवकी बाकावर बसली होती. पोरांचा बाक, तिचे गुडघे वर आलेले. तिनं पदराआडून पुस्तं काढलं. काळूराम एक गोष्ट अर्ध्यात सोडणारा माणूस नव्हता. घरातली सोडली असेल, कागदावरची नाही. तिनं पावत्या मोजल्या. मोजून दहा भरल्या. वर तर त्यांच्या अक्षरात 'एकूण ११' लिहिलेलं. दोन पावत्या ओलीनं चिकटल्या होत्या. तिनं केसातली पिन काढली, तोंडाची वाफ देत देत कडेनं सारली. कागद सालीसारखा सुटला.

तिनं वाचलं आणि बाबूच्या हातात दिलं. बाबूनं वाचायला वेळ लावला, म्हणून रोशनीनं मोठ्यानं वाचलं.

"मास्तर म्हणाला, चिंतू हे नाव नव्हे. चिंतामण लिहितो. चिंतू म्हणतो, मास्तराने गुळाचा खडा दिला म्हणून ते नाव घेतले. घरी कोणाला सांगितले नाही. हसले असते."

रीमा मॅडमनी बोट त्या सात नावांवर परत नेलं. चौथं नाव. चिंतामण लखमा, उंबरपाडा, वारली, वय आठ.

बाबूनं चष्मा नसलेल्या डोळ्यांनी ते अक्षर जवळून बघायचा प्रयत्न केला, आणि मॅडमनी या खेपेला हात लावू नका म्हटलं नाही.

उतारा मिळाला, शिक्का मारून. नावात फरक म्हणून प्रतिज्ञापत्र लागलं, चौकशीला माणूस पाड्यावर आला, दोन हेलपाटे झाले. पण लखमा हे बापाचं नाव, गाव आणि जात जुळत होती, आणि श्रावणात रोशनीच्या हातात प्रमाणपत्र पडलं. ते पुढचं. अजून मे सरायचा होता आणि दहा पोती ओट्यावर होती.

"आमच्या माळ्यावर ठेवा," बाबू म्हणाला. "बियान्याचं भात ठेवतो तितं. खालनं चुलीचा धूर असतो, कीड लागत न्हाय. लागलं की या, न्हायतर फोन करा. रोशनी हाय वाचायला."

देवकीनं विवेककडं बघितलं. तिला वाटलं, तो म्हणेल, बरं झालं, सुटलो. तो उठून ओट्यावर गेला. एका उघड्या पोत्यातली चार पुस्ती त्यानं वर काढली, वरची गावं वाचली, परत ठेवली. मग विचारलं, "बाबांनी टेमघरचं लिहिलंय का? आपल्या चाळीचं?"

"हुडकावं लागंल," देवकी म्हणाली.

"सापडलं तर मला दे."

कामावरच्या गोदामातला ओळखीचा टेम्पो विवेकनंच आणला. दहाच्या दहा पोती त्यानंच पाठीवर घेऊन चढवली, दीपिकानं खालून हात दिला. देवकीनं प्रत्येक पोत्याचं तोंड नव्यानं शिवलं होतं. चाळीतली माणसं आपापलं सामान बांधत होती. कुणी विचारलं, "कुठं चालली पोती?" देवकी म्हणाली, "डोंगरावर."

टेम्पो देवखोलच्या पुढं ओढ्यापर्यंत गेला. पुढं पायवाट. पाड्यावरून बाया खाली आल्या होत्या, डोक्यावर चुंबळी घेऊन. भारा उचलावा तसं दोघींनी पोतं उचलायचं, तिसरीच्या डोक्यावर ठेवायचं, आणि ती हात सोडून चालू लागायची. दहा बाया, दहा पोती. सागाची पानं गळलेली, पायाखाली कुरकुर वाजत होती. देवकी शेवटी चालत होती, काठी टेकत. काळूराम सायकल ओढ्याशी लावून याच वाटेनं जात असणार. घरी यायचे तेव्हा धोतराला कुसळं असायची, ती ती चिडचिड करत वेचायची. तिनं खाली बघितलं. लुगड्याच्या काठाला कुसळंच कुसळं लागली होती.

बाबूची आई कमळ अंगणात उभी होती. हडकुळी, पाठ ताठ. पोती माळ्यावर चढली, भाताच्या कणगीशेजारी. शिडी काढून ठेवली. बायांना कोरा चहा झाला आणि त्या निघून गेल्या. देवकी आणि कमळ कुडाच्या भिंतीला टेकून बसल्या. खाली खोऱ्यात दूरवर गोदामांचे पत्रे उन्हात चमकत होते.

"तुमी आज आल्या," कमळ म्हणाली. "दादा कितीदा तरी आले. तितं बसायचे, मामंजीच्या बाजूला. मी भाकर द्यायची. तुमचं लई सांगायचे."

"माजं?"

"तुमी मिठागरात होत्या ना पोरपनी? त्ये सांगायचे. तुमी चालताना पाय कसा टाकता, मिठात चालून तसा झालाय म्हनं. कशेळीला भरती आली का तुमी वासावरनं सांगता. मामंजी एकदा बोलला, दादा, ह्ये बी लिवा की. बायकोला इचारून समदं लिवा."

देवकी तिच्याकडं बघत राहिली. भंगारात गेलेलं तिसरं पोतं तिच्या मनात आलं. "मंग? लिवलं का?"

"न्हाय. हसले." कमळनं चुलीकडं बघितलं, धूर बरोबर वर जातोय का. "बोलले, ती घरातच हाय. कवाबी इचारीन."

देवकीनं मांडीवरचा पदर नीट केला. मग पुन्हा नीट केला. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, ते वाऱ्यानंच वाळलं.

"इचाराया पायजे होतं," ती म्हणाली.

"व्हय," कमळ म्हणाली. "पायजे होतं."

उतरणीवर बाबू पोरीला हाका मारत होता. कमळ थोडी सरकून देवकीच्या अगदी शेजारी आली. तिनं दोन्ही पाय लांब केले.

"आमी मीठ बाजारातनं आनतो. नागलीच्या बदल्यात आनायचो पयले. पन त्ये निघतं कसं, कंदी पायलं न्हाय. सांगा."

देवकीनं एकदा माळ्याकडं बघितलं आणि मग खोऱ्याकडं, जिकडं खाडी असणार तिकडं.

"दिवाली झाली का आमी चिखल तुडवायला उतरायचो," ती म्हणाली. "जमीन अशी घट करायची का पानी खाली गेलं न्हाय पायजे. मी आठ वर्साची. माज्या बाजूला माजी आय, तिच्या बाजूला आत्या. एकमेकींचे खांदे धरून, एका तालात. पाय वर घ्यायचा, खाली दाबायचा. थंडीचे दिस. पयल्या दिशी मी रडले. आत्या बोलली, रडू नको, इतं सगलं खारटच होनार हाय. मंग आय हसली, मंग मी बी हसले."

"मंग?" कमळ म्हणाली.

"मंग भरतीचं पानी घ्यायचं. एका खणातनं दुसऱ्यात. थांब, सांगते. घाई न्हाय करायची त्यात."